कार्ड तुमचं, कॅमेरा माझा

फोटो आणि व्हिडिओ एकाच माणसाने करू नयेत, दोन्हीची वाट लागते, असं मला आजवर ज्यांनी ज्यांनी ऐकवलं त्यांच्यापैकी एकानेही बायकांच्या हॉलमध्ये पाय ठेवलेला नाही. ठेवूच शकत नाहीत. भिवंडीत कितीतरी मुस्लिम घरांच्या लग्नात खाली पुरुषांचा हॉल असतो, वर बायकांचा, आणि वरच्या दारात कुणीतरी आत्या नाहीतर मावशी खुर्ची टाकून बसलेली असते. तिच्यासमोर भल्याभल्या कॅमेरेवाल्यांचं काही चालत नाही. खाली क्रेन, ड्रोन, चार-चार माणसं. वर मी एकटी.

मी बौद्ध घरातली. आमच्याकडे वंदना झाली, हार पडले, टाळ्या वाजल्या की लग्न लागलं. कॅमेऱ्याचं झाकण काढेपर्यंत निम्मा कार्यक्रम उरकलेला असतो. त्यामुळे पहिल्यांदा त्या वरच्या हॉलमध्ये गेले तेव्हा मी चाटच पडले. तिथे दिवसभर लग्न चालू होतं. बायका ढोलक घेऊन बसल्या होत्या, एक जण ढोलकच्या लाकडावर चमच्याने ठेका धरत होती, कुणी नवरीला चिडवत होतं, कुणी तिच्याआधीच रडून घेत होतं. खरं लग्न वरच होतं. खाली फक्त माणसं जेवत होती.

तेव्हा मी एका फोटो स्टुडिओत कामाला होते. मालकांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. हातात कॅमेरा धरायला त्यांनीच शिकवलं, ते मी नाकारत नाही. पण वरच्या हॉलसाठी त्यांची व्यवस्था ठरलेली: माझ्या हातात फोटोचा कॅमेरा, आणि व्हिडिओचा कॅमेरा कोपऱ्यात स्टँडवर लावून, चालू करून सोडून द्यायचा. त्यात काय येणार? ओढण्या, पाठी आणि मध्येच एखाद्या पोराचं नाक. लग्नाची फिल्म तयार व्हायची तेव्हा वरच्या मजल्याला दोन मिनिटं मिळायची आणि खालच्या बिर्याणीला वीस. नवरीची आई, बहिणी, मैत्रिणी, जिने नवरीला न्हाऊ-माखू घालून मोठं केलं ती आजी, सगळ्या दोन मिनिटांत गुंडाळलेल्या. मला याचा संताप यायचा. दादांना म्हटलं तर म्हणायचे, “अगं, तुला काय एकटीला दोन्ही जमणार आहे?”

जमेल असा कॅमेरा घ्यायचा, हे मी तिथेच ठरवलं.

आता कॅमेऱ्याचं सांगते, कारण ‘कुठला घेऊ’ हे मला येता-जाता कुणीतरी विचारतं, आणि माझं उत्तर कुणालाच आवडत नाही. लोकांना मोठा कॅमेरा हवा असतो. मी लहानात लहान घेतला. मोठा कॅमेरा समोर आला की बायका ताठ होतात, पदर-ओढणी सावरतात, हसू बंद. लहान कॅमेरा त्या थोड्या वेळाने विसरतात. गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू नये म्हणून त्याला लावायचा दांडा, मी घेतला नाही. तो हातात धरून माणूस चालायला लागला की सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडेच. त्याऐवजी कॅमेऱ्याच्या पोटातच थरथर सावरण्याची सोय आहे का, ते बघितलं. लेन्स एकच, आजीच्या हातापासून अख्ख्या स्टेजपर्यंत पोचणारी, कारण हळदीच्या गर्दीत लेन्स बदलत बसायला जागा कुठे आहे?

व्हिडिओला शटर सावकाश लागतं, फोटोला चपळ. घाईत बदलायचं राहिलं की फोटोत नवरीचा हात धुरासारखा येतो. म्हणून असा कॅमेरा शोधला, ज्याचा एक खटका इकडे केला की फोटो, तिकडे केला की व्हिडिओ, आणि दोन्हीकडची मांडणी आपापल्या जागी राहते. मिठाचा आणि साखरेचा डबा वेगळा असावा, तसं. तो तापून बंद पडतो का, हेही विचारलं. दादांचा एक कॅमेरा मे महिन्यात ऐन पाठवणीच्या वेळी तापून मेला होता, आणि नवरीच्या बापाने आम्हाला काय काय ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शिवाय दोन मेमरी कार्डं एकाच वेळी भरली पाहिजेत. एक बिघडलं तर लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

मुंबईच्या दुकानातला विक्रेता मला कॅमेऱ्याचं वाय-फाय दाखवत होता. “मॅडम, इधर फोटो निकाला, उधर मोबाइल पे. सीधा शेअर.” मी म्हटलं, “ते बंद कसं करायचं, तेवढं दाखवा.” त्याला वाटलं मला कळलं नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मीही पुन्हा तेच म्हटलं.

नवा कॅमेरा घेऊन पहिल्यांदा वर चढले ती ऑर्डर स्टुडिओचीच होती. नवरीच्या आईला मी खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. पन्नाशीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज असा की खालच्या आचाऱ्याने वर न बघता कांदा जास्त चिरायला घ्यावा. दिवसभर त्या बसल्या नाहीत की हसल्या नाहीत. ढोलक रंगात आलं तेव्हा त्यांच्या बहिणी त्यांना ओढू लागल्या. त्या उठल्या, आणि उठून आधी माझ्याकडे आल्या.

“ये वीडियो कौन-कौन देखेगा?”

“मी,” मी म्हटलं.

“बस?”

“बस. मी आणि तुमच्या घरातल्या बायका.”

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग किल्ल्यांचा जुडगा बहिणीच्या हातात दिला, ओढणी कमरेला खोचली आणि नाचल्या. काय नाचल्या! लेकीचं लग्न होतं म्हणून नाही, तर पंचवीस-तीस वर्षांत कुणी त्यांना नाचताना बघितलं नव्हतं म्हणून नाचल्या असं मला वाटलं. माझा खटका इकडे-तिकडे होत होता, फोटो, व्हिडिओ, पुन्हा फोटो, आणि मला ओरडून सांगावंसं वाटत होतं सगळ्यांना की बघा, एकटीला जमतं. ओरडले नाही, कारण माइक चालू होता.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत गेले. दादा म्हणाले, “कार्ड टेबलावर ठेव आणि जा, पोरं एडिटला बसलीत.”

स्टुडिओच्या आतल्या खोलीत तीन एडिटर बसायचे, तिघंही पुरुष, आणि त्यांच्या पाठीमागे चहा द्यायला आलेला, बिल मागायला आलेला, उगाच आलेला, असे आणखी दोघं-तिघं कायम उभे. मी म्हटलं, “कार्ड देणार नाही. वरच्या हॉलचं एडिटिंग मी करते.”

“आजवर सगळ्यांचं इथेच झालं ना? कुणी तक्रार केली?”

“कुणाला सांगितलं होतं का आपण?”

दादा वाईट माणूस नव्हते. बायकांचे फोटो त्यांनी कधी जाहिरातीत लावले नाहीत. पण आपण काही चुकीचं करतोय हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. आवाज चढले. ते म्हणाले, ऑर्डर माझी आहे. मी म्हटलं, कॅमेरा माझा आहे. ते म्हणाले, “आणि कार्ड? कार्ड कुणाचं?”

“त्यांचं,” मी म्हटलं.

तसं पाहिलं तर कार्डं मीच विकत घेतली होती. पण तोंडातून गेलं ते मला इतकं पटलं की मी तिथून उठले आणि नोकरी तिथेच संपली. घरी आई म्हणाली, “भांडून काय मिळनार हाय तुला? कामाचं मानूस व्हतं ते.” मी जेवले नाही त्या दिवशी. पश्चात्ताप म्हणून नाही, रागाने.

मग खालांकडे गेले आणि काय झालं ते सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, जेवणाच्या टेबलावरची भांडी उचलली आणि म्हणाल्या, “यहीं बैठ के करो.” पुढचा आठवडाभर मी रोज दुपारी त्यांच्या घरी लॅपटॉप घेऊन बसले. बाहेर गल्लीत लूमचा खडखडाट, आत त्यांचा चहा. इथे माझी आणखी एक निवड कामाला आली. दुकानात मला सगळ्यात भारी व्हिडिओचा कॅमेरा दाखवला होता. त्याच्या फाइली माझ्या जुन्या लॅपटॉपने उचलल्याच नसत्या. मी घेतलेल्या कॅमेऱ्याच्या फाइली जेवणाच्या टेबलावर कापता येत होत्या. फिल्म झाली, त्यांच्या हार्ड डिस्कवर गेली, दोन्ही कार्डं त्यांच्या हातात दिली, आणि लॅपटॉपवरचं सगळं मी त्यांच्यासमोर पुसलं.

“अब वो कचरे का डिब्बा भी खाली कर,” खाला म्हणाल्या. “मुझे सब पता है, वहाँ पड़ा रहता है.”

मी तोही रिकामा केला. तेव्हापासून माझी हीच पद्धत. कार्ड तुम्ही आणायचं, कॅमेरा मी आणणार. एडिटिंग तुमच्या घरात, आणि निघताना माझ्याकडे काही उरणार नाही. वळ गावच्या हळदीला किंवा आमच्या लोकांच्या लग्नाला हे सांगितलं तर लोक हसतात, त्यांना उलट लगेच मोबाइलवर हवं असतं, आणि मी देतेही. पण वरच्या हॉलला नियम म्हणजे नियम.

सगळं सुरळीत झालं असं वाटत होतं, आणि तेवढ्यात बोलणं पसरलं. कॉपी सगळेच ठेवतात. तीही ठेवत असणार. समोर पुसते आणि घरी दुसरी असते. कुठून आलं ते मला माहीत होतं, आणि दादांनी ते द्वेषाने म्हटलं असेल असंही नाही. त्यांना तसंच वाटत असणार, कारण त्यांनी स्वतः कायम ठेवली. पण त्या बोलण्याने माझं कंबरडं मोडलं. ठरलेल्या तारखा रद्द व्हायला लागल्या. कशेळीच्या एका बाईंनी फोनवर सांगितलं, मुलाबाळांची शपथ घ्या, मग ठरवू. मी म्हटलं, शपथ घेणार नाही. ज्यांच्याकडे काम केलं त्यांना विचारा. त्यांनी फोन ठेवून दिला.

विचारून तरी काय कळणार होतं? एखादी गोष्ट आपल्याकडे आहे हे दाखवता येतं. नाही हे कसं दाखवायचं? कपाट उघडून दाखवू? लॅपटॉप घेऊन दारोदार फिरू? हे डोक्यात घोळत राहायचं आणि मी घरात सगळ्यांवर खेकसायचे. एका जुन्या ओळखीच्या स्टुडिओवाल्याने नोकरीसाठी विचारलं. मी नाही म्हटलं. आईने कपाळाला हात लावला.

अशात खालांचा फोन आला. आवाज बसलेला. हार्ड डिस्क पडली, म्हणाल्या, चालूच होत नाही. कार्डंही सापडत नाहीत, घराला रंग दिला त्यात कुठे गेली कुणास ठाऊक. “बेटा, तेरे पास तो होगा ना? थोड़ा-बहुत?”

मला तो नाच दिसत होता, ओढणी कमरेला खोचलेली, किल्ल्या बहिणीच्या हातात. या बाईने ते पुन्हा कधी केलं नसणार. आणि ते आता कुठेच नव्हतं.

“नाही, खाला.”

“कॉपी तो सब रखते हैं. मैं गुस्सा नहीं करूँगी. उलटा दुआ दूँगी.”

“खाला, तुमच्यासमोर पुसलं ना मी? मग नाहीये. एक फोटोसुद्धा नाही.” माझा आवाज फुटला होता आणि मी तो लपवला नाही. “असता तर आत्ता पळत आले असते. पण नाहीये. नाही म्हणजे नाही.”

मग खालांचा आवाज आला, चांगला खणखणीत, आचाऱ्याला हाक मारायचा तो. पण तो माझ्यासाठी नव्हता.

“सुन लिया सबने?”

आणि एकदम दहा-पंधरा बायकांचा गलका. फोन स्पीकरवर होता. खोलीभर बायका बसल्या होत्या, बहिणी, जावा, शेजारणी, आणि त्यांच्यातली एक म्हणत होती, “मैं तो पहले से बोल रही थी!” कुणीतरी तिला म्हणालं, झूठी. हार्ड डिस्क कपाटात सुखरूप होती. कार्डंही.

“बेटा, तारीख लिख,” खाला म्हणाल्या. “यहाँ दो जनियाँ एक ही जुम्मे के लिए लड़ रही हैं.”

माझे डोळे वाहत होते आणि अंगाचा तिळपापड झाला होता. एवढ्या दिवसांचं सगळं वर आलं. मी म्हटलं, “तारखा नंतर. आधी माफी मागा, खाला. मला रडवलंत तुम्ही. सगळ्यांसमोर मागा, फोन स्पीकरवर आहेच.”

त्या घरात खालांना असं कुणी बोलत नसणार.

“माफ कर दे, बेटा,” त्या म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात.

मग मी तारखा घेतल्या.