एकादशीला डच चित्रे

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टी आपोआप साठतात, खडूची भुकटी आणि किस्से. भुकटी झाडली की जाते. किस्से मात्र दर चहाला थोडे वाढतात, म्हणून मी मुख्याध्यापक या नात्याने त्यांच्यापासून दूर राहत आलो. पुढे लिहिले आहे ते माझ्यासमोर घडले. त्यात भर घालण्याची आवश्यकता मला वाटली नाही.

*

आमच्या नेवाशाच्या शाळेत शिंदेबाई चित्रकला शिकवतात. त्यांचा उजवा डोळा पूर्वीच गेलेला. यंदा डाव्यात मोतीबिंदू पिकला. नगरचे डोळ्यांचे डॉक्टर राजेंद्र हे बाईंचेच जुने विद्यार्थी. ते स्पष्ट म्हणाले, "बाई, ऑपरेशन लांबवू नका. पण दृष्टी राहीलच, अशी शंभर टक्के खात्री मी देणार नाही."

त्याच आठवड्यात बातमी आली, की मुंबईत जुन्या डच चित्रांचे प्रदर्शन भरले आहे आणि ते रविवारी संपते. बाईंच्या वर्गात जन्मभर एकच डच चित्र टांगलेले, एका कॅलेंडरचे कापलेले पान. खिडकीपाशी सलगम सोलणारी म्हातारी. छपाई काळपटलेली. तेवढ्यावर त्यांनी पिढ्या शिकवल्या.

बाईंनी डॉक्टरांना सांगितले, "मंगळवारी कर ऑपरेशन. आधी खरी चित्रं पाहून येते. नंतरचं देवाच्या हाती!"

त्यांना एकटे पाठवणे मला योग्य वाटले नाही.

*

जाण्याचा दिवस शनिवार ठरला. गणिताच्या कदम सरांनी पंचांग काढले. "सर, शनिवारी एकादशी आहे!"

"मग? उपवास प्रवासातही होतो."

"तसं नाही. मी ऐकलंय, त्या चित्रांत मासे असतात. ताटात मांडलेले!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी विचार करून निर्णय दिला, "पाहिल्याने उपवास मोडत नाही. मनात चव घेतली तर मोडतो."

कदम सर म्हणाले, "म्हणजे मी यायचं की नाही?"

*

आम्ही चौघे पहाटे निघालो. मी, बाई, कदम सर आणि शाळेचे शिपाई लक्ष्मणमामा. जीप मामांच्या पुतण्याची, पण चालवायला मामाच. कदम सरांच्या मांडीवर थर्माकोलचा डबा होता.

वाटेत सुप्याला कंपन्यांची शिफ्ट सुटलेली. रस्ता तुंबला. मामा खिडकीतून ओरडले, "डोळ्याचं काम हाय, भाऊ! येळ लई कमी हाय, वाट द्या!"

कामगारांनी थर्माकोलचा डबा पाहिला आणि त्यांचे चेहरेच बदलले. कोणीतरी मोटारसायकली बाजूला घेऊ लागला. कोणीतरी शिट्टी वाजवून टेम्पो मागे घ्यायला लावला. एकाने तर डब्याला हात जोडले!

मला ते सहन झाले नाही. मी खाली उतरलो आणि म्हणालो, "आपला गैरसमज होतो आहे. डब्यात साबुदाण्याची खिचडी आहे. डोळा या बाईंचा आहे, तो त्यांच्यापाशीच आहे. तो जाण्याआधी त्यांना चित्रे पाहायची आहेत."

त्या माणसाने बाईंकडे पाहिले. मग मागे वळून आरोळी ठोकली, "अरे, सोडा रं गाडी! खिचडी थंड व्हतीय!"

*

संग्रहालयाच्या दालनाशी मामांनी सवयीने चपला काढल्या. रखवालदार म्हणाला, "इथे चपला काढायच्या नसतात."

"तुमचं नसंल. आमचं हाय." मामांनी चपला पिशवीत घातल्या.

आत शिरताच आम्ही डावीकडे वळलो. देवळात प्रदक्षिणेला आपण डावीकडूनच निघतो, तेव्हा दुसरा विचार कोणाच्या मनात आला नाही. प्रदर्शन मात्र उजवीकडून सुरू होत होते! आम्ही शेवटाकडून आरंभाकडे चाललो होतो आणि समोरून येणारी सारी मुंबई आमच्यावर आदळत होती.

एका भिंतीवर एकाच चित्रकाराने काढलेली स्वतःची चित्रे होती. आम्हाला प्रथम तो जर्जर म्हातारा दिसला. मग जरा सावरलेला. मग प्रौढ, आणि शेवटी गालांवर तेज असलेला तरुण.

मामा म्हणाले, "ह्याला डाक्टर चांगला भेटला, बाई!"

डॉक्टरांकडून आल्यापासून बाई हसल्या नव्हत्या. त्या तिथे, त्या शांत दालनात, पदर तोंडाशी धरून हसल्या. मी त्यांना गप्प केले नाही.

*

कदम सर मान खाली घालून माशांची सर्व चित्रे पार करून गेले. अर्धवट सोललेल्या लिंबाच्या चित्रापाशी मात्र थांबले. बराच वेळ हलेनात. मी जवळ गेलो. त्यांनी आवंढा गिळला.

"सर, लिंबू उपवासाला चालतं ना?"

*

शेवटच्या, म्हणजे इतरांच्या पहिल्या, भिंतीवर ती सलगम सोलणारी म्हातारी होती. बाई इतक्या जवळ गेल्या, की रखवालदार धावला. बाईंनी त्याच्याकडे पाहिलेही नाही. डावा डोळा बारीक करून त्या चित्राचा अंधारा कोपरा न्याहाळत होत्या.

"सर, हे मडकं नाही. मांजर आहे."

"मग?"

"वर्गातल्या त्या पानावरून काढताना एका मुलाने इथे मांजर काढलं होतं. मी म्हटलं, ते मडकं आहे, दिसतं तेच काढ. तो म्हणाला, बाई, मला मांजरच दिसतं. उलट बोलतो म्हणून मी त्याला वर्गाबाहेर काढलं."

 परतीच्या वाटेवर मी मनात नामस्मरण करत राहिलो.

*

मंगळवारी ऑपरेशन झाले. दुसऱ्या दिवशी पट्टी काढायची होती. आम्ही तिघे भिंतीशी उभे होतो. कदम सरांनी मामांचा हात धरला होता. डॉक्टरांनी पट्टी काढली आणि ते बाईंसमोर बसले.

"बाई, सावकाश उघडा. काय दिसतंय?"

बाईंनी डोळा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे त्या पाहत राहिल्या.

"तू दिसतोस, राजू," त्या म्हणाल्या. "आणि ते मांजरच होतं."

 डॉक्टर उठले, खोलीच्या दाराबाहेर गेले आणि उंबऱ्यावर हाताची घडी घालून उभे राहिले.

"बाई, आत येऊ?"