थांबा मॅडम आणि वेगवान बिल्ड

ऑफिसात त्यांना सगळे ‘थांबा मॅडम’ म्हणत. आम्ही लिहिलेल्या कोडपासून प्रोसेसरला चालवता येईल असा प्रोग्राम, म्हणजे ‘बिल्ड’, तयार करायचा, हे त्यांचं काम. नवं बिल्ड झालं की त्या ते टेबलाखालच्या चौदा वर्षं जुन्या संगणकावर चालवून बघत, आणि तोवर आम्हा घाईवाल्यांना एकच उत्तर मिळे. आमचं सॉफ्टवेअर छोट्या दवाखान्यांत औषधांची लेबलं छापतं. तिथले संगणकही याच वयाचे. पण हे लक्षात ठेवायला आम्हा हुशार लोकांना वेळ कुठला?

मग नवे साहेब आले. त्यांनी बिल्डसाठी झकास मशीन घेतलं आणि सेटिंगमध्ये ‘याच प्रोसेसरसाठी सर्वोत्तम’ निवडलं. चाळीस मिनिटांचं काम सहा मिनिटांत! टाळ्या वाजल्या.

“सर, हा प्रोसेसर ज्या नव्या आज्ञा, इन्स्ट्रक्शन्स, वापरतो, त्या जुन्याला कळतच नाहीत. दवाखान्यात प्रोग्राम उघडणार नाही,” मॅडम म्हणाल्या.

“माझ्या लॅपटॉपवर तर पळतोय.”

एवढं वेगवान मशीन असताना ‘थांबा’ म्हणणारं माणूस कशाला? साहेबांनी महिनाअखेर मॅडमचं पदच रद्द करायचं ठरवलं. त्यांच्या घरी कमावणाऱ्या त्या एकट्याच, हे मला ठाऊक होतं. मी मान खाली घालून कीबोर्ड पुसत बसलो.

मंगळवारी नवी आवृत्ती दवाखान्यांत गेली आणि दहा वाजता फोन खणाणू लागले. प्रोग्राम उघडायचा, ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणायचा आणि मिटायचा. साहेबांनी आधी व्हायरसला दोष दिला, मग इंटरनेटला, मग ग्राहकांना. एक कंपाउंडर फोनवर ओरडत होता, “रांग दाराबाहेर गेलीय! बाटल्यांवर हाताने लिहितोय, आणि माझं अक्षर मलाच लागत नाही!”

शेवटी साहेबांना मॅडमकडे यावंच लागलं. मॅडमनी ते सेटिंग काढलं, सगळ्यात जुन्या प्रोसेसरला झेपेल असं बिल्ड केलं आणि टेबलाखाली चालवून पाहिलं. जेवणाच्या सुट्टीआधी लेबलं छापू लागली. साहेबांनी ‘टीमचं’ तोंडभरून कौतुक केलं.

दुपारी मॅडमना पत्र मिळालं. मला वाटलं, नोकरी वाचली. त्यांनी ते वाचून माझ्यापुढे सरकवलं. तीन महिने मुदतवाढ, त्यात सगळं काम मला शिकवायचं, नंतर त्यांची गरज नाही. इतकं दिलदार पत्र मी आजवर पाहिलं नव्हतं.

“मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं...”

“असू दे. वही आणलीस का?”

तीन महिने त्या मला रोज शिकवत होत्या. कुठला दवाखाना कुठल्या मशीनवर अडकलाय, कुठली चूक कशी ओळखायची, सगळं. काही म्हणजे काही हातचं राखलं नाही. त्यांच्या जागी मी असतो, तर नक्की राखलं असतं.