हसुरामचे पाय

"साहेब, मशीन मेली!" हसुराम ओरडला. तो नेहमी ओरडूनच बोलायचा, कारण स्वतःचा आवाज त्याला ऐकू यायचा नाही. मशीन तर समोर धडधडत होतं. गेजचे काटे जागेवर, बेल्ट फिरतायत, आणि हा बाबा अनवाणी लादीवर उभा राहून रडवेला झालेला.

मी पाटीवर खडूने लिहिलं, "चालू आहे. नीट बघ."

"दिसते चालू. पन मेली," तो म्हणाला.

चौलच्या बाजूला एका बर्फाच्या कारखान्यातली ही गोष्ट. मी रेफ्रिजरेशनचा इंजिनीअर. बर्फाचं काम समजायला सोपं आहे. नळ्यांमधून अमोनिया वायू फिरतो आणि मिठाच्या पाण्यातली उष्णता ओढून घेतो. त्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांत बर्फाच्या लाद्या तयार होतात. वायू दाबून फिरवत ठेवणारं यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. त्याला फक्त वायू चालतो. पातळ अमोनिया आत शिरला की आतले व्हॉल्व्ह फुटतात. त्याआधी मशीनचा आवाज जरासा बदलतो. ऑपरेटर तो ऐकतो आणि अमोनियाचा व्हॉल्व्ह आवळतो.

हसुरामचे कान लहानपणी तापात गेले होते. तरी वीसेक वर्षं कॉम्प्रेसर तोच सांभाळत होता, आणि त्याच्या पाळीत मशीन कधी फुटलं नव्हतं. हे त्याला कसं जमतं, असं कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

मग विमा कंपनीचा माणूस तपासणीला आला. अलार्म ऐकू न येणारा ऑपरेटर पाहून तो हबकलाच. त्याने लिहून दिलं, सोय करा नाहीतर माणूस बदला. बदलला असता तर पन्नाशी उलटलेल्या हसुरामला बोटींच्या धक्क्यावर बर्फाच्या लाद्या ओढाव्या लागल्या असत्या. मालकांनी, म्हणजे शेठनी, मला बोलावलं.

"साहेब, माणूस सोन्यासारखा आहे. काहीतरी जुगाड करा," शेठ म्हणाले.

जुगाड हा शब्द मला तेव्हा झोंबला. मी रीतसर यंत्रणा उभी केली. चार कोपऱ्यांत फिरते लाल दिवे, आणि हसुरामच्या मनगटाला थरथरणारा पट्टा. प्रेशर मर्यादेबाहेर गेलं की दिवे लागणार, पट्टा थरथरणार. हसुराम पट्टा बांधून कारखानाभर मिरवला. मी त्याच्यापेक्षा जास्त मिरवलो.

या कामासाठी मशीन बंद ठेवलं होतं, तेवढ्यात दुसरं एक काम उरकून घेतलं. शेजारी नवं होमस्टे झालं होतं. मुंबईचे पाहुणे तक्रार करत, की पलंग हलतो. म्हणून मी कॉम्प्रेसरखाली रबराचे जाड पॅड घातले आणि भोवतालची जमिनीची लादी कापून मोकळी केली. आता मशीनचा हादरा जमिनीत जाईना. मी स्वतःवर बेहद्द खूश होतो.

आणि मशीन सुरू केल्यावर पहिलीच प्रतिक्रिया ही अशी.

"लाइट आहेत, पट्टा आहे. सवय होईल," मी लिहिलं.

हसुरामने पट्टा माझ्यापुढे धरला. "साहेब, तुजा पट्टा मना बिघरल्यावर सांगतो. मना आधी कलायला पायजे."

आमच्या इकडे साहेबालाही तू म्हणतात, त्यात उद्धटपणा नसतो. पण त्या दिवशी मला तो शब्द टोचला. माणसाला नवीन गोष्ट नको असते, असं मनाशी म्हणून मी घरी गेलो.

तिसऱ्या दिवशी शेठचा फोन आला. पावसाळ्यानंतर बोटी पहिल्यांदा समुद्रात जायच्या होत्या, धक्क्यावर बर्फासाठी रांग, आणि कॉम्प्रेसर फुटला होता. पातळ अमोनिया आत गेला. दिवे लागले, पट्टाही थरथरला, पण व्हॉल्व्हचे तुकडे झाल्यावर. नशिबाने कोणाला इजा झाली नाही.

मी पोचलो तेव्हा हसुराम कोपऱ्यात मान घालून उभा होता.

शेठ म्हणाले, "साहेब, तुम्ही होतं तेवढं केलंत. शेवटी कान ते कान. उद्यापासून हा धक्क्यावर."

गप्प बसलो असतो तर निभावून गेलं असतं. सगळ्यांनी खापर हसुरामच्या कानांवर फोडलंच होतं. पण त्याचे ते अनवाणी पाय पाहिले आणि माझी चूक मला लख्ख कळली. लाज वाटली. अजून वाटते.

"शेठ, चूक माझी आहे," मी म्हणालो. "हा पायांनी ऐकत होता. लादीतून मशीनचा हादरा यायचा, त्यावरून त्याला सगळं कळायचं. मी रबर घालून तो हादराच तोडला. हा मला सांगत होता. मी ऐकलं नाही."

शेठ म्हणाले, "मग आता रबर काढणार? होमस्टेवाला माझा जीव खाईल."

मी पाटी हसुरामपुढे केली आणि लिहिलं, "काय करू या?" त्याच्याकडे उत्तर तयारच होतं. त्याने मशीनच्या लोखंडी बैठकीपासून आपल्या स्टुलापर्यंत बोटाने हवेत रेघ ओढली. "हितना पत्रा काड. जमिनीला नको लावू. मी वर पाय ठेवतंय."

मशीन दुरुस्त करताना आम्ही तेच केलं. जाड पत्रा बैठकीला बोल्टने जोडला, जमिनीपासून चार बोटं अधांतरी. हादरा जमिनीत जाईना, पण हसुरामच्या तळव्यांपर्यंत पोचू लागला.

शेठना खात्री हवी होती. हसुरामला गेजकडे पाठ करून बसवलं, पट्टा काढून घेतला. मी त्याच्यामागे अमोनियाच्या व्हॉल्व्हवर हात ठेवून उभा राहिलो आणि व्हॉल्व्ह किंचित उघडला. कान टवकारले. मला काहीच वेगळं वाटेना. शेठनाही नाही. हसुरामने शांतपणे हात वर केला. मी ताबडतोब व्हॉल्व्ह आवळला. क्षणभराने त्याने हात खाली घेतला.

"बास," शेठ म्हणाले, आणि त्याच्यासाठी चहा आणायला स्वतः गेले.

हसुराम निवृत्त होईपर्यंत त्याच जागेवर होता. पट्टाही बांधायचा, मला बरं वाटावं म्हणून असेल. मी फेरीला गेलो की डबा उघडून तांदळाची भाकरी आणि सुकट पुढे करायचा आणि सगळ्या कारखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या बायकोची चौकशी करायचा. आता तिथे सगळं ऑटोमॅटिक आहे. मशीनच्या खोलीत माणूसच नसतो. मी जातो, रीडिंग बघतो, निघतो. करमत नाही.

ऐकू न येणाऱ्या किंवा न दिसणाऱ्या कामगारासाठी अशी साधनं बसवायला आजही लोक मला बोलावतात. पहिले दोन दिवस मी काही बसवत नाही. त्या माणसाशेजारी खुर्ची टाकून त्याचं काम बघत राहतो. मालक विचारतात, "साहेब, काम कधी सुरू करताय?"

मी सांगतो, सुरू आहे.