बांगडीवाल्या काकींनी जमवलेली सोयरीक

"हात ढिला सोड," असं म्हणत काकी समोरच्याचा हात धरून बोटांची पेरं दाबायच्या. बायांना बांगड्या भरताना हे ठीक. पण माझ्यासारख्या पंक्चरवाल्याचाही हात त्या तसाच धरायच्या. जळकोटला हायवेवर तुम्ही कधी थांबला असाल, तर तुमचाही धरला असेल.

बांगड्या भरत घरोघरी फिरायच्या, म्हणून सोयरिकीही त्याच जमवायच्या. "आदी सासूचं अन् सुनंचं डोहाळजेवण एकाच वर्षात व्हायचं," त्या हसायच्या. "आता एका लेकरावर थांबतेत. अन् पोरी समद्या पुण्याला. बांगड्या भराव्या कुणाला?"

पोरी पुण्याला, म्हणून पस्तिशीतला मी बिनलग्नाचा. शेत होतं, दुकान होतं. पण प्रत्येक स्थळाची अट एकच, मुलगा पुण्यात हवा. शेवटी काकींनी जवळच्याच गावातलं एक स्थळ आणलं. मुलगी पुण्यात नर्स. वाटेत काकी तिच्याबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी मात्र मनातल्या मनात माझं वाक्य पाठ करत होतो. पोह्यांची बशी हातात येताच, कुणी काही विचारायच्या आत, मी जाहीर केलं, "दुकान विकून पुण्याला यायला मी तयार आहे!"

मुलीच्या वडिलांनी आपली बशी खाली ठेवली.

"मी तर पुणं सोडून आलेय," मुलगी म्हणाली. "उमरग्याच्या दवाखान्यात नोकरी धरलीय. आई-बाबांना इथं दुसरं कुणी नाही. मला इथलाच मुलगा पाहिजे."

माझ्या घशात पोहे अडकले. काकींनी माझ्या पाठीत धपाटा घातला आणि वडिलांना म्हणाल्या, "ह्यो अन् पुण्याला? सोलापूरला टायर आणाय गेला तरी दिवस मावळायच्या आत माघारी येतंय. म्हशीबिगर झोप लागत न्हाय त्याला!"

मुलगी खळखळून हसली. माझी अब्रू गेली आणि लग्न जमलं.

गेल्या साली काकीच पुण्याला निघाल्या. लेकाला मूल झालं होतं, नवरा-बायको दोघं नोकरीला. बाळाला सांभाळणार कोण? माझ्या बायकोला तेव्हा दिवस गेलेले. आम्ही दोघं त्यांना बसमध्ये बसवायला गेलो. खिडकीतून त्या ओरडल्या, "एकावर थांबू नगा!"

सगळा स्टँड आमच्याकडं बघायला लागला.

"काकी, आधी हे तर येऊ द्या!" बायको म्हणाली.

बस गेली, तेव्हा लक्षात आलं, काकींच्या भाकरीचं गाठोडं माझ्याच हातात. मोटारसायकल पिटाळत नळदुर्ग गाठलं. बस स्टँडमधून निघतच होती. खिडकीशेजारून पळत मी गाठोडं आत दिलं.

"पळतुयास बरा," काकी म्हणाल्या. "लेकराच्या मागं पळाय जमंल तुला."

बस सोलापूरच्या रस्त्याला लागली. मी उगाचच आणखी थोडा पळालो.