नऊ वर्षांचा शंकर

उमरग्याचा शंकरप्पा सलग चार वर्षं नऊच वर्षांचा होता. ही किमया त्याच्या बापाची.

बाप ईरण्णा कापडाचा व्यापारी. गाण्याचा शौक दांडगा, गळा मात्र फुटक्या घागरीचा. अशा माणसाचा हा थोरला मुलगा श्रावणात मठात उतरणाऱ्या म्हाताऱ्या गवयाच्या मागं बसून बसून नवव्या वर्षी चिजा, म्हणजे बंदिशी, बांधायला लागला. कुणी राग सांगावा, कुणी विषय सांगावा आणि तोंडातला विडा संपायच्या आत पोरानं चीज बांधून गाऊन दाखवावी. चीज बांधणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव गुंफायचं, असा रिवाज. तिथं 'बालशंकर' आलं की मजलिस खूश व्हायची. ईरण्णा दुकान गड्यावर टाकून पोराला निजामी जहागीरदारांच्या वाड्यांवर फिरवू लागला. "हुजूर, नौ बरस का बच्चा है," ही एवढी एक ओळ त्याला पाठ होती आणि ती बदलायची त्याला कधी गरज वाटली नाही.

पोर वाढत होतं, त्याला कोण काय करणार? ईरण्णानं केलं. पोटभर जेवण तोडलं, जुनाच आखूड अंगरखा घालायला लावला. बाराव्या वर्षी ओठावर लव दिसू लागली, तेव्हा मजलिशीच्या दिवशी सकाळी त्याची आई शरणम्मा राख लावून एकेक केस चिमटीनं उपटायची. शंकरप्पा रडायचा नाही. रडलं की गळा बसतो, हे बापानं बजावलं होतं. शरणम्मा मात्र पदरानं डोळे पुसायची आणि उपटतच राहायची. त्या बाईचा राग करावा की कीव, मला अजून ठरवता आलेलं नाही.

तेराव्या वर्षी आवाज फुटला. आणि नेमकी तेव्हाच शंकरप्पाला पहिली खरी चीज सुचली. आधीच्या चिजा हुशार पोराच्या होत्या, इकडचं तिकडचं जोडलेलं, आणि हे त्याचं त्यालाही कळत होतं. ही वेगळी होती. राग भीमपलास, कोरड्या विहिरीवरून रिकामी घागर घेऊन परतणारी बाई. सुरुवातीची ओळच अशी वळायची की समेवर येईपर्यंत ऐकणाऱ्याचा श्वास अडकावा. शेवटच्या ओळीतून 'बाल' काढून टाकून त्यानं नुसतं 'शंकर' घातलं होतं.

पण बड्या जहागीरदाराचं बोलावणं आलेलं, आणि फुटलेल्या आवाजाला नौ बरस कोण म्हणणार? ईरण्णानं धाकट्याला, चन्नप्पाला पुढं केलं. चन्नप्पा सात वर्षांचा, गळा गोड, जीव सगळा पतंगात. त्याच्याकडून ती चीज घोटून घेतली आणि कुठला राग मागायचा याबद्दल जहागीरदाराच्या मुनशीशी संधानही बांधून ठेवलं.

"अप्पा, चीज त्याला द्या," शंकरप्पा म्हणाला. "पर नाव माझं ऱ्हाऊ द्या."

"नाव तुझं आन् बांधली त्येनं, आसं सांगू व्हय लोकास्नी?"

"ही एकच, अप्पा. बाकी समद्या घ्या."

"बालचन्न म्हन. बसीव कसं बी."

'शंकर'च्या जागी 'बालचन्न' सरळ बसत नव्हतं. शंकरप्पानं चिजेचं शेवटचं वळण स्वतःच मोडलं आणि बसवलं.

मजलिशीत चन्नप्पा गायला, शंकरप्पा मागं तंबोरा घेऊन बसला. जहागीरदारानं धाकट्याच्या खांद्यावर शाल घातली आणि सहज विचारलं, "और ये लडका?"

"कोई नहीं, हुजूर. तंबूरा उठाता है," ईरण्णा हसत म्हणाला.

पुढं चन्नप्पाचाही आवाज फुटला. तो बिचारा सुटला. सोलापूरला गिरणीत लागला आणि गाण्याचं नाव टाकलं. पोर मोठं झाल्यावर त्याला कोण विचारतं? शंकरप्पा दुकानात बसला. लग्न झालं, रुद्रम्मा नावाची मुलगी झाली. कापड मोजताना तो ती भीमपलासातली चीज गुणगुणायचा, शेवटी आपलंच नाव घालून. तेवढी एकच जागा होती त्याच्या नावाला.

पोलीस अ‍ॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, जहागिरी खालसा झाल्या. ईरण्णा काठी टेकत चालू लागला, तरी हाव काही म्हातारी झाली नाही. "सोलापूरच्या शेटलोकांस्नी हौस लई," तो ओट्यावर बसून सांगायचा. "फकस्त घरात बारकं पोर पायजे."

एका दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत सहा वर्षांची रुद्रम्मा चिंध्यांशी खेळत गात होती. शंकरप्पाला वाटलं, आपलीच चीज. पहिली ओळ होतीही. मग सूर अशा वाटेनं गेला, जी त्याला जन्मात सुचली नव्हती. शेवटी पोरीनं, रीतच असल्यासारखं, 'रुद्री' असं आपलं नाव घातलं. शंकरप्पाच्या अंगावर काटा आला. इतका आनंद त्याला त्या तेराव्या वर्षानंतर झाला नव्हता.

तेवढ्यात पुढं काठी वाजली.

"कोन गातंय रं?" ईरण्णाचा आवाज आला.

शंकरप्पानं झेप घेऊन पोरीचं तोंड दाबलं. तळव्याखाली तिचे ओठ अजून हलत होते, म्हणून आणखी जोरानं दाबलं. ती डोळे मोठे करून बापाकडं बघत राहिली.

"कुनी न्हाय, अप्पा," तो म्हणाला.

त्या दिवसानंतर रुद्रम्मा घरात कधी गायली नाही. ती ऐकून शिकते म्हणून शंकरप्पाही कापड मोजताना गप्प राहू लागला.