पानावरचं मीठ

भोरात उंदीर पडायला लागले आणि अख्खा गाव घरं सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेला. प्लेगइतकीच धास्ती बाजाराची होती. दुकानं बंद होणार म्हणून ज्याने त्याने मिठाच्या गोण्या ओढून आणल्या, आम्हीही. पण माळावरचं धुकं झोपडीत शिरायचं आणि गोणी रात्रंदिवस ठिबकत राहायची.

त्या धुक्यातून रोज एक बाई भाजी घेऊन यायची. नाव कधी कळलं नाही. डोक्यावरची पाटी आधी दिसायची, मग ती. भाजीच्या बदल्यात मीठ मागायची. मीठ हातात देत नाहीत, म्हणून आई ते पळसाच्या पानावर ठेवायची. ती त्यातलं थोडंसं पदराच्या गाठीत बांधायची आणि पान परत सरकवायची.

“अगं, सगळं घे. पुन्हा मिळायचं नाही,” एकदा आई कळवळून म्हणाली.

“आजच्या कालवणापुरतं लई झालं, वैनी. उद्या तुमी हायसाच की.”

शेजारची झोपडी कालच रिकामी झाली होती. आम्ही उद्या असू, असं त्या दिवसांत कुणीच म्हणत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी धुकं फिटायच्या आत आईने दारात पान मांडून ठेवलं होतं.