पट्ट्यामागचा हात

चालायला शिकवताना आम्ही पेशंटच्या कमरेला रुंद पट्टा बांधतो आणि तो मागून धरतो. धरणारा पेशंटला दिसत नाही. आज आमच्या फिजिओथेरपी विभागात नवी मुलगी पट्टा धरून उभी होती, आणि अर्धांगवायूतून सावरणारे जाधवकाका काही केल्या पाऊल टाकत नव्हते.

"ही सुजाता नव्हे," मागे न बघताच ते म्हणाले. "साहेब, आमची पोरगी कुठंय?"

"रजेवर आहे."

खोटं बोललो. इतके दिवस काकांचा पट्टा धरणारी सुजाता दोनदा माझ्याकडे आली होती. "सर, आणखी एक माणूस घ्या हो, माझीच कंबर गेलीय आता." तिसऱ्यांदा आली ती राजीनामा घेऊन. मी कारण विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. सही करत म्हणालो, "पट्टा काय, कुणीही धरेल." विभागप्रमुख म्हणून अशी किती माणसं मी जाऊ दिली! दुसऱ्यांना सावरणाऱ्यांच्या मागंही कुणीतरी उभं असावं लागतं, आणि ते काम माझं होतं.

"काका, ती सोडून गेली," शेवटी मी म्हणालो. "मी तिला थांब म्हटलं नाही."

काकांनी बाजूचा आधाराचा दांडा धरला.

"मग बसवा मला," ते म्हणाले.